पाटी लागण्याआधी बोला : अमेरिकेतली काउंटी गावाचा नकाशा कशी ठरवते

प्रश्न : आमची मुलगी आणि जावई अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या ॲशबर्नला राहतात. त्यांच्या वसाहतीशेजारच्या मोकळ्या जागेवर नुकतीच एक पाटी लागली आहे. तिथे डेटा सेंटर बांधण्याचा अर्ज आला असून काउंटीच्या बोर्डापुढे त्याची जनसुनावणी होणार आहे, असं त्यावर लिहिलंय. मुलगी म्हणते, "बाबा, इथे नगरपालिकाच नाही. काय ते काउंटीच ठरवते." मी जिल्हा परिषदेच्या नोकरीतून निवृत्त झालो आहे, त्यामुळे कुतूहल वाटलं. काउंटी म्हणजे आपली जिल्हा परिषदच का? हे बोर्ड जमिनीपासून करापर्यंतचे निर्णय कसे घेतं? आणि तिथलं नागरिकत्व नसलेल्या माझ्या मुलीने सुनावणीला जाऊन काही उपयोग आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण सुनावणीची तारीख ठरलेली असते आणि ती कोणासाठी थांबत नाही. उपयोग आहे. जनसुनावणीत बोलायला मतदार असावं लागत नाही. तिथे राहणारा, त्या निर्णयाची झळ ज्याला लागणार तो कोणीही बोलू शकतो. मुलीला जरूर जायला सांगा. पण सुनावणी ही त्या प्रवासातली बरीच पुढची पायरी आहे, हेही तिला सांगा. त्या जागेवर काय होऊ शकतं याचा बराचसा निकाल पाटी लागण्याच्या कितीतरी आधी, आराखडा तयार होत असताना लागलेला असतो. काउंटीचा कारभार समजून घ्यायचा तो एवढ्यासाठीच : कोणत्या पायरीवर कोणाचं चालतं हे कळलं, म्हणजे आपलं म्हणणं कुठे मांडायचं हेही कळतं.

ॲशबर्नला नगरपालिका का नाही?

ॲशबर्न लाउडन काउंटीत येतं. ही काउंटी 1757 मध्ये शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीतून वेगळी झाली. तिचं मुख्य ठिकाण लीझबर्ग. वॉशिंग्टन शहराच्या वायव्येला पसरलेला हा मुलूख अगदी अलीकडेपर्यंत शेतीचा आणि घोड्यांचा होता. 2000 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या 1,69,599 होती. 2020 मध्ये ती 4,20,959 झाली. वीस वर्षांत अडीचपट! या वाढीत भारतीय कुटुंबांचा वाटा मोठा आहे आणि त्यांत मराठी घरंही पुष्कळ आहेत.

व्हर्जिनियाची रचना इतर राज्यांहून वेगळी आहे. इथे 95 काउंट्या आहेत आणि 38 शहरं कायद्याने कोणत्याही काउंटीत मोडत नाहीत. ती पूर्ण स्वतंत्र आहेत. याउलट छोटी नगरं, ज्यांना तिथे टाउन म्हणतात, ती काउंटीतच राहतात. पण त्यांना स्वतःची परिषद आणि जमीन वापराचे स्वतःचे नियम असतात. लाउडनमध्ये लीझबर्ग, पर्सेलव्हिल, मिडलबर्ग, हॅमिल्टन, हिल्सबोरो, लव्हेट्सव्हिल आणि राउंड हिल अशी सात टाउन्स आहेत.

ॲशबर्न, स्टर्लिंग, साउथ रायडिंग ही नावं तुमच्या मुलीच्या बोलण्यात येत असतील. ही शहरंही नव्हेत आणि टाउन्सही नव्हेत. वस्ती दाट आहे, दुकानं, शाळा, मेट्रो स्थानक सगळं आहे. पण महापौर नाही आणि नगरसेवकही नाहीत. इथल्या रहिवाशांसाठी काउंटी बोर्ड हेच एकमेव स्थानिक सरकार. वसाहतीची घरमालक संघटना घराचा रंग, कुंपण, हिरवळ यांचे नियम करते, पण तो घरमालकांचा आपसातला करार असतो. शेजारच्या जमिनीवर काय उभं राहील, हे तिच्या हातात नसतं.

बोर्डात कोण असतं?

बोर्डाचं पूर्ण नाव बोर्ड ऑफ सुपरवायझर्स. लाउडनच्या बोर्डात नऊ जण आहेत. आठ जण आठ मतदारसंघांतून येतात आणि अध्यक्षाला संपूर्ण काउंटी थेट मत देऊन निवडते. मुदत चार वर्षांची. सध्याच्या अध्यक्ष फिलिस रँडल 2015 च्या निवडणुकीत पहिल्यांदा निवडून आल्या.

तुम्ही जिल्हा परिषदेत काम केलं आहे, त्यामुळे पुढचा फरक तुम्हाला लगेच जाणवेल. आपल्याकडे मुख्य कार्यकारी अधिकारी राज्य सरकार पाठवतं. सभागृह आणि अधिकारी यांची नाळ वेगवेगळ्या ठिकाणी जोडलेली असते. लाउडनमध्ये काउंटी ॲडमिनिस्ट्रेटर हा सर्वोच्च अधिकारी बोर्डच नेमतं, त्याला जाब विचारतं आणि विश्वास उडाला तर घरीही पाठवू शकतं. धोरण बोर्डाने ठरवायचं आणि रोजचा कारभार ॲडमिनिस्ट्रेटरने चालवायचा, अशी विभागणी आहे. तिथे बदलीचा आदेश राजधानीतून येत नाही.

पण सगळेच बोर्डाच्या हाताखाली नसतात. शेरीफ, सरकारी वकील, खजिनदार, महसूल आयुक्त आणि सर्किट कोर्टाचा क्लार्क हे पाच पदाधिकारी लोक स्वतंत्रपणे निवडतात. राज्यघटनेनेच त्यांना हे स्थान दिलं आहे. शाळांचा कारभार वेगळ्या निवडून आलेल्या स्कूल बोर्डाकडे असतो. मात्र व्हर्जिनियात स्कूल बोर्डाला कर बसवता येत नाही. पैशासाठी त्याला काउंटी बोर्डाकडेच यावं लागतं. त्यामुळे दर वसंतात अंदाजपत्रकाच्या वेळी या दोन मंडळांत जोरदार घासाघीस होते आणि शाळकरी मुलांच्या पालकांनी सभागृह भरून जातं.

उघडपणाचा एक नियमही सांगतो. व्हर्जिनियाच्या कायद्यानुसार अशा मंडळाचे तीन सदस्य सार्वजनिक कामकाजाबद्दल बोलायला एकत्र बसले, तरी ती सभा ठरते. तिची आगाऊ सूचना द्यावी लागते आणि दार लोकांना उघडं ठेवावं लागतं. नऊपैकी पाच मतांवर मोठे निर्णय होत असतात, त्यामुळे हा नियम फार मोलाचा आहे.

पाच मतांचं वजन किती असतं, याचं उदाहरण तुमच्या मुलीच्या घराजवळच आहे. वॉशिंग्टनची मेट्रो डलस विमानतळावरून पुढे लाउडनमध्ये आणायची की नाही, यावर बोर्डात बरीच वादावादी झाली. खर्चाची भीती मोठी होती. अखेर 3 जुलै 2012 रोजी प्रकल्पात राहण्याच्या बाजूने 5 आणि विरोधात 4 मतं पडली. त्यानंतर दहा वर्षांनी, 15 नोव्हेंबर 2022 रोजी ॲशबर्न स्थानकातून गाडी सुटली. एक मत फिरलं असतं, तर आजच्या ॲशबर्नचा नकाशा वेगळा दिसला असता.

बोर्डाचे हात कुठे बांधलेले असतात?

व्हर्जिनियात डिलन नियम पाळला जातो. आयोवा राज्यातले न्यायाधीश जॉन डिलन यांनी 1868 मध्ये तो मांडला. स्थानिक संस्थेला स्वतःचे असे अधिकार नसतात. राज्याच्या कायद्याने स्पष्टपणे दिलेले, किंवा त्यातून अपरिहार्यपणे निघणारे अधिकारच तिला वापरता येतात, असा त्याचा आशय. शंका असेल तर निकाल संस्थेच्या विरुद्ध जातो.

याची प्रचिती किती बारीक गोष्टीत येते पाहा. दुकानातल्या प्लॅस्टिक पिशवीवर पाच सेंट कर लावायचा, एवढ्याशा कामालाही काउंटीला राज्य विधिमंडळाची मुभा लागली. ती मुभा 2020 च्या कायद्याने मिळाली आणि त्यानंतरच लाउडनमध्ये हा कर सुरू झाला.

रस्त्यांचंही तसंच. 1932 च्या बर्ड रोड कायद्यापासून व्हर्जिनियातल्या बहुतेक काउंट्यांमधले रस्ते राज्याच्या ताब्यात आहेत. आर्लिंग्टन आणि हेन्रायको या दोनच काउंट्या अपवाद राहिल्या. लाउडन नव्या रस्त्यांच्या बांधकामावर पैसा घालते, पण वसाहतीसमोरचा खड्डा बुजवणं किंवा बर्फ काढणं हे राज्याच्या परिवहन खात्याचं काम. पाणी आणि सांडपाण्यासाठी लाउडन वॉटर ही स्वतंत्र संस्था आहे. विजेच्या उच्चदाब वाहिन्यांना परवानगी राज्याचा कॉर्पोरेशन कमिशन हा आयोग देतो. डेटा सेंटरसाठी मनोरे आणि तारा वसाहतीजवळून जाणार म्हणून लोक बोर्डापुढे तळमळीने बोलतात, पण त्या बाबतीत बोर्डही त्यांच्यासारखंच आयोगापुढे आपलं म्हणणं मांडू शकतं, एवढंच. चुकीच्या दारावर घालवलेला महिना परत मिळत नाही. म्हणून तक्रार कुठे न्यायची, हे आधी विचारून घ्यावं.

जमिनीचा निर्णय कसा होतो?

इथे जिल्हा परिषदेची तुलना संपते. आपल्या जिल्हा परिषदा 1961 च्या कायद्याने आल्या आणि 1 मे 1962 पासून कामाला लागल्या. शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण रस्ते, पाणी योजना ही त्यांची मुख्य कामं. जमिनीचा वापर ठरवणं त्यांच्याकडे कधी आलंच नाही. प्रादेशिक योजना 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली राज्य सरकारच्या अखत्यारीत तयार होते, आणि एनएसाठी, म्हणजे बिगरशेती परवानगीसाठी, शेतकरी जिल्हाधिकारी कचेरीची पायरी चढत आला आहे. लाउडनचं बोर्ड मात्र कराचा दरही ठरवतं आणि कोणत्या जमिनीवर काय बांधता येईल तेही ठरवतं. दोन्ही निर्णय त्याच नऊ माणसांच्या टेबलावर होतात.

जमिनीच्या निर्णयाच्या चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी म्हणजे सर्वंकष विकास आराखडा. राज्याच्या कायद्याने तो प्रत्येक स्थानिक संस्थेला करावाच लागतो आणि किमान पाच वर्षांतून एकदा तो तपासून पाहावा लागतो. लाउडनचा सध्याचा आराखडा 20 जून 2019 रोजी मंजूर झाला. त्यात काउंटीचे ढोबळमानाने चार पट्टे आहेत. मेट्रो स्थानकांभोवती नागरी पट्टा. ॲशबर्न, स्टर्लिंगसारख्या वसाहतींचा उपनगरी पट्टा. मध्ये संक्रमणाचा पट्टा. आणि पश्चिमेला ब्लू रिज डोंगरापर्यंत पसरलेला ग्रामीण पट्टा, जिथे द्राक्षमळे आणि घोड्यांची कुरणं आहेत. आराखडा कोणत्याही मालकाला बांधकामाचा हक्क देत नाही. पुढे येणाऱ्या अर्जांना कोणत्या मापाने मोजायचं, ते तो ठरवतो.

दुसरी पायरी झोनिंगच्या नियमांची. हा प्रत्यक्ष कायदा. प्रत्येक तुकडा कोणत्या झोनमध्ये आहे, तिथे किती उंच, किती दाट आणि कशासाठी बांधता येईल, हे त्यात लिहिलेलं असतं. 1993 चे नियम वेळोवेळी ठिगळं लावत चालवल्यावर लाउडनने 13 डिसेंबर 2023 रोजी ते नव्याने लिहून मंजूर केले.

तिसरी पायरी एकेका अर्जाची. मालकाला झोन बदलून हवा असेल, तर त्याचा अर्ज येतो. काही वापर एखाद्या झोनमध्ये केवळ बोर्डाच्या खास परवानगीनेच करता येतात. त्याला तिथे स्पेशल एक्सेप्शन म्हणतात. अर्जाची छाननी आधी काउंटीचे नियोजन अधिकारी करतात. मग तो बोर्डाने नेमलेल्या नऊ सदस्यांच्या नियोजन आयोगापुढे जातो. आयोग सुनावणी घेऊन शिफारस करतो. त्यानंतर बोर्डाची स्वतःची सुनावणी होते आणि शेवटचं मत बोर्डाचं.

या टप्प्यावर एक खास व्हर्जिनियातली प्रथा दिसते. झोन बदलून मागणारा बिल्डर आपणहून काही वचनं लिहून देतो : एवढा रस्ता रुंद करून देईन, शाळेसाठी जागा सोडेन, झाडांचा एवढा पट्टा ठेवीन. बोर्डाने ती स्वीकारली की ती जमिनीला कायमची चिकटतात. पुढे मालक बदलला तरी ती सुटत नाहीत. घरबांधणीच्या प्रकल्पांकडून काय काय घेता येईल, यावर राज्याने 2016 मध्ये मर्यादा घातल्या. तरीही अर्जाच्या फाइलमधला हा कागद रहिवाशांनी सगळ्यात आधी वाचावा, कारण उद्या भांडायची वेळ आली तर हातात असेल तो तोच.

चौथी पायरी बांधकामाच्या नकाशाची, आणि इथेच लोकांची सर्वांत मोठी निराशा होते. झोनमध्ये जो वापर मुळातच मोकळा ठेवला आहे, त्याला तिथे बाय-राइट म्हणतात. अशा बांधकामाला जनसुनावणी लागत नाही. नकाशा नियमात बसतो की नाही एवढंच अधिकारी पाहतात आणि बसत असेल तर तो मंजूर करणं त्यांना भाग असतं. शेजारच्या पाचशे घरांनी सह्या केल्या तरी त्यांच्या हातात काही राहत नाही. तो हक्क मालकाला काही वर्षांपूर्वी, झोनिंगचे नियम मंजूर झाले त्या रात्रीच मिळालेला असतो.

डेटा सेंटर घरांच्या दारात कशी आली?

इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळातच, 1990 च्या दशकात, उत्तर व्हर्जिनियात मोठ्या नेटवर्कांचा संगम झाला. एओएल कंपनीचं मुख्यालय डलसला होतं आणि ॲशबर्नला नेटवर्क जोडणारी केंद्रं उभी राहिली. जिथे तारा एकत्र येतात तिथे सर्व्हर ठेवणं सोयीचं, म्हणून एकामागून एक डेटा सेंटरं आली आणि हा भाग जगातल्या डेटा सेंटरांचा सर्वांत दाट पट्टा बनला.

ऑफिस पार्क आणि उद्योगांसाठी राखलेल्या अनेक झोनमध्ये डेटा सेंटर बाय-राइट होतं. ज्या काळात हे नियम झाले, तेव्हा तशा जागेवर बैठ्या कचेऱ्या येतील, सकाळी गाड्या येऊन संध्याकाळी जातील, अशीच कल्पना डोळ्यांपुढे होती. प्रत्यक्षात तिथे वीस-पंचवीस मीटर उंचीच्या, खिडक्या नसलेल्या इमारती आल्या. त्यांचे पंखे रात्रंदिवस घरघरतात आणि वीज गेली तर चालवायला डिझेल जनरेटरांच्या रांगा असतात. नकाशावरचा रंग तोच राहिला. त्याखालचा उद्योग बदलला.

पण पैशाची बाजूही पाहायला हवी, नाहीतर बोर्डाचा पेच कळणार नाही. काउंटीला कर मिळतो तो मुख्यतः घरा-जमिनीच्या किमतीवर आणि वाहनं, संगणक यांसारख्या जंगम मालमत्तेवर. डेटा सेंटरमधले सर्व्हर हीच फार महागडी मालमत्ता, आणि ती दर काही वर्षांनी नवी होते. त्यात शाळेत जाणारी मुलंही नसतात. डेटा सेंटरवर सेवांसाठी एक डॉलर खर्च झाला तर करातून 26 डॉलर येतात, असा काउंटीचा स्वतःचा हिशेब आहे. तिच्या सर्वसाधारण महसुलाचा एक तृतीयांशाहून मोठा भाग आता या उद्योगातून येतो. म्हणूनच स्थावर मालमत्तेवरचा दर दर शंभर डॉलर किमतीमागे 2024 साली 86.5 सेंट होता, तो 2025 साली 80.5 सेंटवर आणता आला. सात लाख डॉलरच्या घरावर याचा अर्थ 6,055 ऐवजी 5,635 डॉलर कर. मुलीच्या घरपट्टीचा हलका झालेला भार आणि तिच्या खिडकीबाहेरची भिंत, दोन्ही एकाच धोरणातून आली आहेत. दुसरीकडे, शाळांचा आणि अग्निशमनाचा खर्च एकाच उद्योगावर एवढा टेकू लागला, तर तो उद्योग ओसरल्यावर काय, ही काळजीही रास्त आहे. बोर्डाच्या सदस्यांनी ती जाहीरपणे बोलून दाखवली आहे.

अखेर 18 मार्च 2025 रोजी बोर्डाने डेटा सेंटरची बाय-राइट वाट बंद केली. आता काउंटीच्या अखत्यारीतल्या जमिनीवर नवं डेटा सेंटर बांधायचं तर बोर्डाची खास परवानगी लागते आणि जनसुनावणी होते. म्हणूनच आज तुमच्या मुलीच्या वसाहतीशेजारी पाटी लागली आहे. काही वर्षांपूर्वी त्याच जागेवर सुनावणीविनाच काम सुरू होऊ शकलं असतं. ही पाटी रहिवाशांच्या कित्येक वर्षांच्या चिकाटीचं फळ आहे.

एक जाहिरात चुकली तर?

तुम्ही कार्यालयात नोटिसा काढल्या असतील, म्हणून हा भाग मुद्दाम सविस्तर लिहितो. झोनिंगचा निर्णय घेण्याआधी वर्तमानपत्रात दोनदा जाहिरात द्यावी लागते. जमिनीच्या लगतच्या मालकांना सुनावणीच्या किमान पाच दिवस आधी लेखी कळवावं लागतं. प्रस्तावात नेमकं काय बदलणार आहे, याचा सारांश जाहिरातीत असावा लागतो. हे सोपस्कार नाममात्र आहेत असं समजणाऱ्यांना व्हर्जिनियाच्या न्यायालयांनी पुन्हा पुन्हा धडा दिला आहे.

1999 मध्ये लाउडनच्या मतदारांनी बेसुमार बांधकामाला लगाम घालण्याचं वचन देणारं बोर्ड निवडलं. त्या बोर्डाने जानेवारी 2003 मध्ये पश्चिमेच्या ग्रामीण भागातली घरांची घनता खूप कमी केली. आधी तीन एकरांमागे एक घर बांधता येत होतं. मार्च 2005 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते सगळे नियम रद्द केले. धोरण बरं की वाईट, या प्रश्नात न्यायालय शिरलंच नाही. जाहिरातीतून लोकांना प्रस्तावाचं स्वरूप पुरेसं कळत नव्हतं, एवढं कारण पुरलं. जुने नियम परत आले आणि सुधारित ग्रामीण नियम बसवायला डिसेंबर 2006 उजाडला.

शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीने 2021 च्या मार्चमध्ये कोविडच्या काळात आपले नवे झोनिंग नियम ऑनलाइन बैठकीत मंजूर केले. आणीबाणीच्या तरतुदीत हे काम बसत नाही, असं सांगत सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ते मुळापासून अवैध ठरवले. काउंटीला सुनावणी घेऊन सगळं पुन्हा मंजूर करावं लागलं.

आणि प्रिन्स विल्यम काउंटी! तिथे मनॅसस या यादवी युद्धाच्या रणभूमीला लागून 2,100 एकरांहून अधिक जमिनीवर डेटा सेंटरांचा प्रचंड प्रकल्प यायचा होता. डिसेंबर 2023 मध्ये, नवं बोर्ड सूत्रं हाती घेण्याच्या तोंडावर, जुन्या बोर्डाची बैठक सुमारे 27 तास चालली. शेकडो लोक रात्रभर रांगेत थांबून बोलले. तरी झोन बदलण्याचा निर्णय मंजूर झाला. ऑगस्ट 2025 मध्ये सर्किट कोर्टाने तो रद्द केला आणि कारण पुन्हा तेच : जाहिराती कायद्याप्रमाणे दिल्या नव्हत्या. प्रकरण पुढे अपिलात गेलं.

मला या तीन प्रकरणांतून लोकशाहीची एक फार मोठी गोष्ट दिसते. सत्तेवरच्या माणसांचा हेतू चांगला असो की वाईट, लोकांना वेळेवर आणि समजेल असं सांगितल्याशिवाय घेतलेला निर्णय टिकू नये, असं तिथला कायदा म्हणतो आणि न्यायालय ते खरं करून दाखवतं. 2005 मध्ये त्याचा फटका हिरवाई वाचवू पाहणाऱ्यांना बसला, 2025 मध्ये डेटा सेंटर आणणाऱ्यांना. नियम दोघांनाही सारखाच लागू झाला, म्हणून तो विश्वासाला पात्र ठरतो.

मुलीने काय करावं?

काउंटीच्या कार्यालयातून किंवा संकेतस्थळावरून अर्जाची फाइल मिळवावी. ती सर्वांना खुली असते. नियोजन अधिकाऱ्यांचा अहवाल नीट वाचावा. अर्ज आराखड्याशी कुठे जुळतो आणि कुठे नाही, हे त्यात नमूद असतं. आपल्या मतदारसंघाच्या सुपरवायझरला आधीच पत्र लिहावं किंवा भेटावं. सुनावणीत बोलायला प्रत्येकाला मोजकी मिनिटंच मिळतात, तेव्हा "आम्हाला हे नको" एवढ्यावर ती घालवू नयेत. खास परवानगी देताना बोर्ड अटी घालू शकतं. म्हणून इमारतीची उंची, वसाहतीपासूनचं अंतर, झाडांचा पट्टा, आवाजाची मर्यादा, जनरेटर तपासण्याच्या वेळा यांवर नेमकी मागणी करावी. बोर्डाला शेवटी ठरावात शब्द लिहायचे असतात. लिहिता येईल अशी मागणी ज्याने मांडली, त्याचं म्हणणं कागदावर उतरण्याची शक्यता वाढते.

आणि सुनावणीचा निकाल काहीही लागो, आराखड्याच्या पुढच्या फेरतपासणीची तारीख तिने लिहून ठेवावी. त्या बैठकांना फारशी गर्दी नसते. पाटी नसते, राग नसतो, म्हणून लोक फिरकत नाहीत. पण पुढच्या पंधरा-वीस वर्षांचं ॲशबर्न तिथेच ठरतं. ज्यांना तिथे मत देता येत नाही त्यांनी तर ही संधी मुळीच सोडू नये.

ज्यांची मुलं अमेरिकेत दुसरीकडे आहेत, त्या वाचकांसाठी एक सूचना. काउंटीचं रूप राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस काउंटीची सुमारे एक कोटी माणसं आजवर पाचच सुपरवायझर निवडत आली आहेत. टेक्ससमध्ये बोर्डाला कमिशनर्स कोर्ट म्हणतात आणि शहरांबाहेर झोनिंग करण्याचा अधिकार काउंट्यांना जवळजवळ नाहीच. न्यू जर्सीत, एडिसनसारख्या ठिकाणी, जमिनीचे निर्णय टाउनशिप घेते. कनेटिकटने तर काउंटी सरकारं 1960 मध्येच बंद केली. तेव्हा "आमच्या जमिनीबद्दल शेवटचं मत कोण देतं?" हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या गावी विचारावा.

तुमच्या जिल्ह्यातही हा प्रश्न आज तितकाच ताजा आहे. नवीन महाबळेश्वर प्रकल्पासाठी सातारा जिल्ह्यातल्या, सुरुवातीला 235 गावांचं नियोजन राज्य सरकारने रस्ते विकास महामंडळाकडे सोपवलं आणि आराखड्याच्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या गेल्या. हा निर्णय निवडून आलेल्या जिल्हा परिषदेच्या टेबलावर येत नाही. शिवाय 2022 मध्ये मुदत संपलेल्या बऱ्याच जिल्हा परिषदांचा कारभार पुढे कित्येक वर्षं प्रशासकांच्याच हाती राहिला. अशा वेळी हरकतींचा तो काळ हीच गावकऱ्यांच्या हाती राहिलेली मुख्य संधी ठरते. तुम्हाला नोटिशीची भाषा कळते, नकाशा वाचता येतो, हरकत कशी लिहायची हे माहीत आहे. आपल्या गावातल्या चार जणांना ते शिकवा. ॲशबर्नला मुलगी सुनावणीला जाईल आणि इकडे तुमच्या हाताखाली तयार झालेला एखादा तरुण मुदतीत हरकत दाखल करील, तर दोन्हीकडच्या नकाशांवर तिथे राहणाऱ्या माणसांचा हात उमटेल.